मेंदूचा नकाशा आणि मनुष्याची ओळख

मनुष्यानें स्वतःला ओळखावें हा उपदेश जितका जुना, तितकाच तो आचरणास कठीण. ही ओळख करून घेण्याचे दोन मार्ग आजवर आपल्या परिचयाचे होते. एक, डोळे मिटून आपल्या मनाकडे पाहण्याचा. दुसरा, डोळे उघडून आपल्या कृतींकडे पाहण्याचा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक तिसरा मार्ग पुढें आला आहे. त्या मार्गानें जाणारे शास्त्रज्ञ मेंदूचें एक जाळें कागदावर मांडतात, त्यांतील बिंदु मोजतात, रेषा मोजतात, आणि त्या आंकड्यांवरून मनुष्याविषयीं कांहीं सांगूं पाहतात. हें जाळें खरोखर काय सांगतें, काय सांगत नाहीं, आणि त्याच्या बळावर एका मनुष्यास दुसऱ्या मनुष्यावर कोणता अधिकार प्राप्त होतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाहीं. ज्याच्या घरांत शिकणारें मूल आहे, विस्मरणानें गांजलेलें म्हातारें माणूस आहे, किंवा ज्याला केव्हां तरी न्यायालयाची पायरी चढावी लागेल, त्या प्रत्येकाचा तो आहे.

या गणिताचें मूळ एका करमणुकीच्या कोड्यांत आहे. प्रशियांतील क्योनिग्जबर्ग शहराचे प्रेगेल नदीच्या प्रवाहांमुळें चार भाग पडले होते, व ते सात पुलांनीं एकमेकांस जोडलेले होते. एकही पूल दोनदां न ओलांडतां सातही पुलांवरून फिरून येतां येईल काय, असा तेथील नागरिकांचा प्रश्न होता. ऑयलर या थोर गणित्यानें १७३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत त्याचें उत्तर दिलें. पुलांची लांबी, नदीची रुंदी, रस्त्यांचीं वळणें, हें सर्व त्यानें बाजूस सारलें. भूमीच्या चार भागांस चार अक्षरें दिलीं, आणि कोणत्या भागास किती पूल लागतात एवढेंच विचारांत घेतलें. ज्या भागास विषम संख्येनें पूल लागतात, तो या फेरीचा आरंभ तरी असला पाहिजे किंवा शेवट तरी. चारही भागांस विषम संख्येनें पूल लागत होते. म्हणून अशी फेरी अशक्य. पुढील गणित्यांनीं याच विचारास बिंदु आणि रेषा यांचें रूप दिलें. या शास्त्राचें सारें सामर्थ्य काय सोडून द्यावें हें ओळखण्यांत आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोंवतीं फिरणार आहे.

मेंदूस हें गणित लावावयाचें तर मेंदूंत प्रथम सुटे बिंदु सांपडावे लागतात. इटलींतील कामिल्लो गोल्जी यानें १८७३ सालीं रुप्याच्या क्षाराच्या साहाय्यानें मज्जापेशी काळ्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविण्याची युक्ति काढली. दाटीनें भरलेल्या असंख्य पेशींपैकीं थोड्याच पेशी हा रंग घेतात, आणि म्हणूनच त्या शेंड्याबुडख्यासह स्पष्ट दिसतात. गोल्जीचें स्वतःचें मत असें होतें कीं, हें सर्व एक अखंड विणलेलें जाळें आहे. स्पेनमधील रामोन इ काहाल यानें गोल्जीचीच युक्ति वापरून गोल्जीच्या विरुद्ध सिद्धांत मांडला: प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती शेजारणीच्या अगदीं निकट येते, परंतु तिच्यांत मिसळून जात नाहीं. १९०६ सालचें नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें, आणि त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतही दोघांनीं परस्परविरुद्ध मतें प्रतिपादिलीं. अखेर काहालचा पक्ष खरा ठरला. दोन पेशींच्या संधीस १८९७ सालीं शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें 'सिनॅप्स' हें नांव दिलें. अशा रीतीनें पेशी हे बिंदु झाले, संधि या रेषा झाल्या, आणि गणितास दार उघडें झालें.

या दारांतून प्रथम आंत गेला तो एक क्षुद्र कृमि. एक मिलिमीटर लांबीच्या 'एलिगन्स' नांवाच्या कृमीच्या सर्व ३०२ मज्जापेशींचे परस्परसंबंध केंब्रिज येथील जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केले. पुढें १९९८ सालीं वॉट्स व स्ट्रोगॅट्झ या दोघांनीं हें जाळें, अमेरिकेच्या पश्चिम भागांतील विजेच्या तारांचें जाळें आणि एकत्र कामें केलेल्या चित्रपटनटांचें जाळें, अशीं तीन जाळीं शेजारींशेजारीं ठेवून पाहिलीं. तिन्हींत एकच गुण आढळला. शेजारी बिंदु बहुधा एकमेकांशीं जोडलेले असतात, जशी एका आळींतील माणसें एकमेकांस ओळखतात; आणि तरीही थोड्या लांब पल्ल्याच्या रेषांमुळें कोणत्याही बिंदूपासून कोणत्याही बिंदूपर्यंत फार थोड्या पावलांत जातां येतें. मेंदूंतही कांहीं बिंदु रेल्वेच्या जंक्शनासारखे असतात. आडबाजूचें एखादें स्टेशन बंद पडलें तर तेथील उतारूंचीच गैरसोय होते. परंतु मनमाड बंद पडलें तर दूरच्या गांवचा मनुष्यही अडकून पडतो. मेंदूच्या एका लहानशा इजेनें मनुष्य क्वचित् पार कोलमडतो, तर तेवढ्याच दुसऱ्या इजेंतून तो सहज सांवरतो, याचा थोडाफार उलगडा या दृष्टीनें होतो, हें मान्य केलें पाहिजे.

२००५ सालीं या संपूर्ण नकाशास 'कनेक्टोम' हें नांव मिळालें. २०२४ सालीं फळांवरील माशीच्या प्रौढ मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे १ लक्ष ३९ हजार पेशी व पांच कोटींहून अधिक संधि आहेत. त्याच वर्षीं मनुष्याच्या मेंदूच्या अवघ्या एका घनमिलिमीटर तुकड्याचें चित्रण प्रसिद्ध झालें. तेवढ्यांत सुमारे ५७ हजार पेशी व १५ कोटी संधि मिळाले, आणि तें चित्रण साठविण्यास १,४०० टेराबाइट जागा लागली. संपूर्ण मेंदू त्या तुकड्याच्या दहा लक्ष पटींहूनही मोठा असून, त्यांत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत.

यावरून एक गोष्ट उघड होते. जिवंत मनुष्याच्या मेंदूचें जें जाळें आज रुग्णालयांत वा प्रयोगशाळेंत काढलें जातें, तें माशीच्या जाळ्यासारखें नसतें. त्यांतील बिंदु म्हणजे एकेक पेशी नव्हे; मेंदूच्या पृष्ठभागाचे कांहीं शें भाग कल्पून प्रत्येक भागास एक बिंदु मानितात, आणि अशा एका बिंदूच्या पोटांत कोट्यवधि पेशी नांदत असतात. रेषांचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत तंतूंच्या जुड्यांतून पाणी कोणत्या दिशेनें झिरपतें तें चुंबकीय यंत्रानें पाहून तंतूंच्या वाटा अनुमानितात. दुसऱ्या प्रकारांत, दोन भागांतील रक्ताच्या प्राणवायूचें मान एकाच वेळीं चढत-उतरत असेल, तर त्या दोहोंमध्यें रेषा काढितात. ही दुसरी रेषा म्हणजे तार नव्हे. तिन्हीसांजेस समोरासमोरच्या दोन घरांत एकाच वेळीं दिवे लागतात. त्यावरून त्या दोन घरांमध्यें कांहीं संधान आहे असें म्हणणें धाडसाचें होईल, कारण दोघांसही सूर्यास्तानेंच उठविलें असेल. शास्त्रज्ञांस हें ठाऊक आहे व ते ही सावधगिरी बाळगतात. परंतु रंगीत चित्र पाहणाऱ्या सामान्य मनुष्यास ती रेषा तारच वाटते.

बरें, सर्व तारा खऱ्या आहेत व सर्व सांपडल्या आहेत, असें क्षणभर मानूं. तरी काम संपतें काय? खेंकड्याच्या व समुद्री झिंग्याच्या जठरास ताल देणाऱ्या सुमारे तीस पेशींच्या गुच्छाचा अभ्यास अमेरिकेंतील ईव्ह मार्डर व इतर संशोधक यांनीं अनेक दशकें केला. तेथील जोडणी केव्हांच समजलेली आहे. असें असूनही निरनिराळीं द्रव्यें त्या गुच्छांत येतांच तीच जोडणी निरनिराळे ताल देऊं लागते. उलट, पेशींचे गुणधर्म बरेच भिन्न असतांही ताल तोच राहूं शकतो. म्हणजे नकाशा अवश्य आहे, परंतु पुरेसा नाहीं. सतारीच्या तारा व पडदे मोजून आज सायंकाळीं तिच्यावर कोणता राग वाजेल हें सांगतां येत नाहीं. मात्र तारच नसेल तर कोणताच राग वाजणार नाहीं, हेंही तितकेंच खरें.

येथपर्यंत शास्त्राच्या मर्यादेचा प्रश्न झाला. आतां मूळ तात्त्विक प्रश्नाकडे वळूं. जाळें हेंच मन काय? लायब्नित्स या जर्मन तत्त्वज्ञानें १७१४ सालीं असा युक्तिवाद केला कीं, विचार करणारें एखादें यंत्र गिरणीएवढें मोठें कल्पून आपण त्याच्या आंत शिरलों, तर तेथें एकमेकांस ढकलणारे भागच दिसतील. जाणीव कोठेंही दिसणार नाहीं. हा युक्तिवाद जोरदार आहे. परंतु 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथांतील नागसेनाचा रथाचा दृष्टांत ज्यांनीं वाचला आहे, त्यांना त्यांतील एक फट चटकन् दिसेल. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजे रथ नव्हे. तरी हे सर्व एका विशिष्ट रचनेनें एकत्र आले म्हणजे त्यांस रथ हें नांव यथार्थ लागतें. चार्वाकांच्या नांवावर सांगितला जाणारा मद्याचा दृष्टांतही याच जातीचा आहे; ज्या द्रव्यांत एकेकटी मादकता नाहीं, त्यांच्या संयोगांत ती उत्पन्न होते.

जाळ्याच्या गणितानें या जुन्या वादांत एक नवी भर घातली आहे, असें आम्हांस वाटतें. क्योनिग्जबर्गची फेरी अशक्य होती. ही अशक्यता कोणत्या पुलांत होती? सातही पुलांचा दगड न् दगड तपासला असता तरी ती कोठें सांपडली नसती. आणि तरीही ती इतकी खरी होती कीं, कोणाही नागरिकाचे पाय तिला हरवूं शकले नाहींत. कांहीं गुण भागांचे नसतात, रचनेचे असतात, आणि रचनेचे असूनही ते काल्पनिक नसतात. हें सांगण्यास याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. मात्र यावरून भलतीच उडी मारूं नये. रचनेचे गुण खरे असूं शकतात, एवढेंच येथें सिद्ध झालें. दांत दुखतो तेव्हांची ती वेदना, ती मलाच कां जाणवते, हाही रचनेचाच गुण आहे असें सिद्ध झालें नाहीं. तें तसें असेलही. परंतु 'असेल' या शब्दावर तत्त्वज्ञानास थांबतां येतें, न्यायाधीशास व शिक्षकास थांबतां येत नाहीं. आणि म्हणून नीतीचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या निकालाची वाट न पाहतां सोडवावा लागतो.

त्या प्रश्नाचें पहिलें अंग जबाबदारीचें. कोणी म्हणेल, "माझ्या मेंदूचें जाळेंच असें आहे, मीं काय करूं?" या सबबीस उत्तर असें कीं, जाळें तुझें असेल तर कृत्यही तुझेंच. कारण सांपडणें म्हणजे दोषमुक्त होणें नव्हे. सज्जनाच्या सौजन्यासही त्याच्या मेंदूंत कारण असणारच, म्हणून आपण त्याचें कौतुक आवरीत नाहीं. शिवाय जाळें हें कपाळीं लिहिलेलें अढळ प्राक्तन नाहीं. लंडनच्या टॅक्सीचालकांस परवान्यासाठीं शहरांतील हजारों रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूंतील स्थलस्मृतीशीं निगडित अशा भागाची पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. आणि २०११ सालच्या दुसऱ्या पाहणींत असें आढळलें कीं, अभ्यास करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूंत तो भाग वाढला, अनुत्तीर्णांच्या मेंदूंत वाढला नाहीं. जसा मेंदू तशी कृति हें खरें, तसेंच जशी कृति तसा मेंदू हेंही खरें. ज्यास आपण संस्कार म्हणतों, त्याची खूण मेंदूच्या घडणींतही उमटते. म्हणून हा नकाशा पत्रिकेसारखा वाचूं नये. जमाखर्चाच्या वहीसारखा वाचावा. आजवर काय झालें तें तीत अंशतः दिसेल. उद्यांचें पान कोरें आहे. अर्थात् ज्याच्या मेंदूस रोगानें वा आघातानें खरोखर इजा झाली आहे, त्याची गोष्ट निराळी. त्यास दया व उपचार दोन्ही मिळाले पाहिजेत, आणि ती इजा ओळखण्यास हें शास्त्र उपयोगी पडत असेल तर तें त्याचें भूषणच होय.

दुसरें अंग याहून नाजूक आहे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत १२६ व्यक्तींच्या मेंदूंचीं जाळीं दोन निरनिराळ्या दिवशीं काढण्यांत आलीं. स्वस्थ पडून असतांना घेतलेल्या एका दिवसाच्या नोंदीवरून दुसऱ्या दिवसाच्या नोंदींतील तीच व्यक्ति शंभरांत नव्वदांहून अधिक वेळां बिनचूक ओळखतां आली. जणूं अंगठ्याचा ठसाच. हें वाचून कोणासही वाटेल कीं, आतां मनुष्याचा स्वभाव व बुद्धि हींही अशींच वाचतां येतील. परंतु २०२२ सालीं हजारों व्यक्तींच्या नोंदी एकत्र करून झालेल्या मोठ्या परीक्षणानें दाखविलें कीं, मेंदूचें जाळें व बुद्धि वा मनःस्थिति यांतील संबंध फार क्षीण आहेत. ते विश्वासानें दाखवावयाचे तर हजारों माणसें मोजावीं लागतात, आणि पांचपंचवीस माणसांवरून काढलेले सिद्धांत बहुधा टिकत नाहींत. हे दोन निष्कर्ष एकत्र ठेवून पाहावे. हें जाळें 'हा तोच' एवढें निश्चयानें सांगतें. 'हा कसा' हें मात्र जवळजवळ सांगत नाहीं. अंगठ्याच्या ठशावरून मनुष्य सांपडतो, पण त्याची दानत कळत नाहीं. तसेंच हें आहे.

ओळखणें आणि जाणणें यांतील हें अंतर विसरल्यानें अन्याय घडतो. हजार मुलांच्या सरासरींत दिसणारा एक बारीक कल घेऊन, समोर बसलेल्या एका मुलाच्या कपाळीं 'मंद' किंवा 'हूड' असा शिक्का मारणें, हें गणिताच्याही विरुद्ध आहे व माणुसकीच्याही. न्यायालयांतही हा मोह शिरला होता. २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत, इतर पुराव्यासोबत, आरोपीच्या मेंदूंतील विद्युत्-लहरींच्या नोंदीचाही विचार केला. ती नोंद म्हणजे आम्हीं वर वर्णिलेलें जाळें नव्हतें. परंतु मनुष्य गप्प असतां त्याचा मेंदू बोलेल ही तिच्या मुळाशीं असलेली अपेक्षा तीच होती. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, संमतीवांचून कोणाही व्यक्तीवर अशा चांचण्या लादतां येत नाहींत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति होऊं नये हा जो घटनेनें दिलेला हक्क, त्याचा त्यानें भंग होतो. २०२१ सालीं चिली या देशानें तर मेंदूची क्रिया व तिच्यापासून मिळणारी माहिती यांच्या रक्षणाची तरतूद आपल्या राज्यघटनेंतच केली.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, असा धाक घातल्यास शास्त्राची प्रगति खुंटेल आणि रोग्यांचें नुकसान होईल. आक्षेप पोकळ नाहीं. मेंदूंतील गांठ काढणारा शस्त्रवैद्य वाचेच्या तंतूंची वाट आधीं पाहून घेतो, म्हणून रोग्याची वाणी वांचते. अपस्माराच्या रोग्याचे झटके कोणत्या भागापासून निघून कोठें पसरतात हें जाळ्याच्या दृष्टीनें पाहिल्यास उपचारास दिशा मिळते. असा नकाशा कोण नाकारील? परंतु येथें एक भेद स्पष्ट दिसतो. रोगी स्वतः वैद्याकडे जातो, स्वतःचा प्रश्न विचारतो, आणि उत्तर त्याच्याच हितासाठीं वापरलें जातें. कारखानदार, विमा उतरविणारा किंवा पोलीस-अधिकारी जेव्हां तोच नकाशा मागतो, तेव्हां प्रश्न दुसऱ्याचा असतो, हित दुसऱ्याचें असतें, आणि मेंदू मात्र या बिचाऱ्याचा असतो. नकाशा एकच, प्रश्न कोणाचा, यावर त्याचें पुण्य-पाप अवलंबून आहे.

क्योनिग्जबर्गची पुढील हकीकत या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. १९४४ सालच्या ऑगस्टांतील बाँबवर्षावांत तें शहर जळालें, आणि ऑयलरच्या सात पुलांपैकीं दोन नष्ट झाले. युद्धानंतर शहर रशियाकडे गेलें, १९४६ सालीं त्याचें नांव कालिनिनग्राड झालें, व जुन्या जर्मन रहिवाशांस तें सोडावें लागलें. पुढें आणखी दोन पुलांच्या जागीं एक मोठा रस्ता आला. आतां पांचच पूल राहिल्यामुळें, ऑयलरनें अशक्य ठरविलेली ती फेरी, आरंभ व शेवट निरनिराळ्या ठिकाणीं करण्यास हरकत नसेल तर, शक्य झाली आहे. बिंदु-रेषांच्या चित्रास विचारलें तर तें एवढेंच सांगेल: पूर्वीं उत्तर 'नाहीं' असें होतें, आतां 'होय' असें आहे. जळालेलीं घरें, मेलेलीं मुलें, देशोधडीस लागलेले लोक यांविषयीं तें एक अक्षरही बोलणार नाहीं. हा चित्राचा दोष नव्हे, कारण त्याला तें कोणीं विचारलेंच नव्हतें. ऑयलरनें माणसें वगळलीं तेव्हां कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. त्याचा प्रश्नच पुलांचा होता. परंतु त्याच चित्रावरून एखादा अधिकारी त्या शहराचा कारभार हांकूं लागता, तर तो अनर्थ ठरता.

मेंदूच्या जाळ्याविषयीं आमचें म्हणणें याहून निराळें नाहीं. तें काढावें, अधिक बारकाईनें काढावें, आणि त्यापासून जेवढें शिकतां येईल तेवढें शिकावें. मात्र तें काढतांना जें वगळलें आहे तें अस्तित्वांतच नाहीं, असें मानूं नये. एखाद्या मनुष्याविषयीं निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हां त्याच्या नकाशाकडे अवश्य पाहावें. परंतु तत्पूर्वीं त्याला समोर बसवून त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें.